अंतर्गळ आणि त्याचे घातक उपद्रव : वंक्षणपरीक्षणाचा विसर पडू नये



सुमारे सोळा वर्षांपूर्वीची हकिगत आहे. पावसाळ्याचे दिवस होते. सायंकाळी चिकित्सालय बंद करण्याच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या सत्तरी ओलांडलेल्या मातोश्रींना घेऊन आले. आजींचा देह कृश, त्वचा रूक्ष, मुद्रा म्लान. "डॉक्टर, आईला सकाळपासून मळमळतंय. दोनदा उलटी झाली. पोटही साफ नाही," असे त्यांनी सांगितले. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, लुगड्यावरूनच उदरास हात लावला. उदर किंचित फुगलेले, परंतु मृदू लागले. आदल्या दिवशी घरी पाहुणे असल्याने गुरू भोजन झाले होते. अजीर्ण व तज्जन्य आनाह असे निदान करून आम्ही शंखवटी दिली आणि रात्री सुंठीच्या काढ्यातून एरंडस्नेह घेण्यास सांगितले. उठता उठता आजी म्हणाल्या, "मांडीत पण कळ येते रे बाबा." या वयात वातप्रकोप असायचाच, असे मनाशी म्हणून आम्ही ते बोलणे सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिरंजीव पुन्हा दारात उभे होते. रात्रभर पोटात मुरडा, उलट्यांचा वर्ण हिरवा-पिवळा, गंध दुर्गंधी, वायू सरलेला नाही. घरी जाऊन पाहतो तो उदर नगाऱ्यासारखे ताणलेले आणि नाडी तंतुवत झालेली. आम्ही तत्काळ जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सकांकडे रवानगी केली. सायंकाळी त्यांचा दूरध्वनी आला. आजींच्या उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ होती. तो फीमोरल हर्निया होता. त्यात अडकलेला आतड्याचा भाग काळा पडल्याने काढून टाकावा लागला होता. सर्व सांगून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्ही जांघ पाहिली होती का?"

आम्ही पाहिली नव्हती. तसे त्यांना सांगितले. पाचव्या दिवशी आजी वारल्या.

ही चूक लेखणीने लिहून काढण्यास इतकी वर्षे लागली. या त्रैमासिकात आपण बहुधा यशस्वी चिकित्सेचे अनुभव मांडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अयशस्वी अनुभवातून आपल्या एखाद्या बंधूच्या हातून एक जीव जरी वाचला तरी या लेखनाचे सार्थक होईल, या भावनेने हा विषय मांडत आहोत.

शास्त्रोक्त वर्णन

अंतर्गळ म्हणजे शास्त्रातील अंत्रवृद्धी. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, रक्तज, मेदोज, मूत्रज आणि अंत्रज. अंत्रवृद्धीची कारणे म्हणून ओझे वाहणे, आपल्याहून बलवान पुरुषाशी झुंज घेणे, झाडावरून पडणे आणि विशेष आयास यांचा उल्लेख येतो. उदरातील दाब अकस्मात वाढविणारी हीच कारणे आधुनिक शल्यशास्त्रही सांगते. त्यात जुनाट कास, मलावष्टंभ, मूत्रप्रवृत्तीस जोर लावावा लागणे, स्थौल्य, गर्भधारणा व जलोदर यांची भर घालावयाची.

वाग्भटाचार्यांचे वर्णन आणखी नेमके आहे. क्षुद्रांत्राचा एखादा भाग वायूने विकृत होऊन स्वस्थानापासून खाली नेला जातो, तो प्रथम वंक्षणसंधीत ग्रंथीच्या रूपाने राहतो आणि उपेक्षा केल्यास मुष्कात उतरतो, असा तो क्रम आहे. दाबले असता शब्द करीत वर जाणारी आणि सोडले असता पुन्हा भरणारी अशी या शोथाची ओळख ग्रंथांत दिलेली आहे. आतड्यातील वायूचा तो गुडगुड शब्द आजही निदानाचा आधार आहे.

चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात सुश्रुताचार्यांनी दोन अवस्था स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत. फलकोशापर्यंत न पोहोचलेल्या अंत्रवृद्धीत वातवृद्धीचा क्रम सांगितला आहे. वंक्षणात असलेल्या वृद्धीवर अर्धचंद्राकृती मुखाच्या शलाकेने अग्निकर्म करावे, म्हणजे मार्गाचा अवरोध होईल, असे म्हटले आहे. मात्र फलकोशात उतरलेली वृद्धी वर्ज्य सांगितली आहे. ज्या मार्गाने आतडे उतरते तो मार्ग बंद करणे हा चिकित्सेचा गाभा आहे, हे तत्त्व आचार्यांना पूर्ण ज्ञात होते. १८८० च्या दशकात इटलीतील पदुआ येथे एदुआर्दो बस्सिनी यांनी वंक्षणनलिकेची मागील भिंत टाक्यांनी बळकट करण्याची जी पद्धत रूढ केली आणि पुढे जाळी बसविण्याच्या ज्या पद्धती आल्या, त्या सर्वांचे प्रयोजन हेच आहे.

येथे एक धोक्याचे वळण आहे आणि आमचीही वाट तेथेच चुकली. वातवृद्धीच्या क्रमात स्नेहन, विरेचन आणि दुधातून महिनाभर एरंडतैल सेवन येते. अंत्रवृद्धीच्या आरंभीच्या अवस्थेसही तो क्रम लागू असल्याने अंतर्गळ म्हटला की एरंडस्नेह, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु तो क्रम मार्ग मोकळा असलेल्या रुग्णासाठी आहे. आतडे अडकून द्वार बंद झाले असता तोच एरंडस्नेह बंद दारावर पाण्याचा लोंढा आणून आदळावा तसे कार्य करतो. वायूचे अनुलोमन होण्यास मार्गच नसल्याने आतड्याची गती वाढते, शूल वाढतो, छर्दी वाढते आणि फुगलेले आतडे अधिक ताणले जाते.

फास कसा बसतो

अंतर्गळाची पिशवी मोठी असली तरी तिची मान अरुंद असू शकते. आतडे आत-बाहेर करीत असते तोपर्यंत त्रास बेताचा असतो. एखादे वेळी खोकल्याच्या, शिंकेच्या वा ओझ्याच्या जोराने आतड्याचे वेटोळे नेहमीपेक्षा अधिक उतरते आणि मानेशी अडकते. पडून राहिल्याने किंवा हलक्या हाताने ते आत जात नाही. ही इररिड्युसिबल अवस्था होय. आतड्याचा मार्गच बंद झाला की ती ऑब्स्ट्रक्टेड अवस्था होते आणि रक्ताभिसरणास बाधा आली की स्ट्रँग्युलेटेड अवस्था. यालाच आपण फास बसणे म्हणू.

फास बसला की प्रथम पातळ भिंतींच्या शिरा दबतात. रक्त आत येत राहते, परंतु परत जात नाही. आतडे सुजते, जांभळे होते. सूज वाढली की मानेतील जागा आणखी कमी पडते. अखेरीस धमन्याही दबतात आणि आतड्याचा तो भाग मृत होऊ लागतो. मृत भिंतीतून आतड्यातील जंतू व विष शरीरात पसरतात, छिद्र पडते आणि सर्वदेही जंतुदोष होतो. या सर्व क्रमास साधारणतः सहा तासांचा काळ निर्णायक मानला जातो. फास घट्ट असल्यास त्याहूनही लवकर हानी होते. औषधाची एक मात्रा देऊन "उद्या सकाळी या" असे सांगण्याइतका अवकाश या व्याधीत नसतो.

एक फसवी अवस्था अवश्य ध्यानी ठेवावी. आतड्याच्या संपूर्ण घेराऐवजी भिंतीचा केवळ एक भाग अडकला तर त्यास रिश्टरचा हर्निया म्हणतात. आउगुस्ट गोटलीब रिश्टर या जर्मन शल्यचिकित्सकाच्या नावाने तो ओळखला जातो. यात आतड्याचा मार्ग पूर्ण बंद होत नाही. वायू सरतो, थोडी मलप्रवृत्तीही होते, क्वचित अतिसारच होतो, आणि तरीही अडकलेली भिंत आत मृत होत असते. म्हणून वायू सरतो आहे, सबब काळजी नाही, हा निष्कर्ष सुरक्षित नव्हे.

कोणत्या अंतर्गळाचे भय अधिक

सर्व अंतर्गळ सारखे घातक नसतात. पुरुषांमधील वंक्षणातील नेहमीचा अंतर्गळ अल्प लक्षणांचा असल्यास काही काळ निरीक्षणाखाली ठेवणे शक्य असते. अमेरिकेत अशा ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रकर्म न करता वाट पाहणाऱ्यांत आतडे अकस्मात अडकण्याचे प्रमाण दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे १.८ इतके आढळले. मात्र पुढील दहा वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी, बहुतांशी वेदना वाढल्यामुळे, शस्त्रकर्म करून घेतलेच. हा अभ्यास केवळ प्रौढ पुरुषांपुरता होता. त्याचा निष्कर्ष स्त्रिया, बालके किंवा फीमोरल हर्निया यांना लावणे घातक ठरेल.

फीमोरल हर्निया हा मांडीच्या मुळाशी, वंक्षणरेषेच्या खाली उतरतो. त्याची मान अरुंद व भोवतालची कडा कठीण असते. तो स्त्रियांत, त्यातही वृद्ध व कृश स्त्रियांत विशेष आढळतो. ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अंतर्गळ लक्षात आल्यापासून तीन महिन्यांत फास बसण्याची शक्यता वंक्षणातील प्रकारात २.८ टक्के, तर फीमोरल प्रकारात २२ टक्के आढळली. एकवीस महिन्यांत फीमोरल प्रकारात ती ४५ टक्क्यांवर गेली. म्हणून फीमोरल हर्नियाचे निदान झाल्यास वाट पाहण्याचा सल्ला देऊ नये. फास बसलेला नसतानाच शस्त्रकर्मासाठी पाठवावे.

वृद्ध, कृश स्त्रियांत आणखी एक प्रकार आढळतो, तो ऑब्ट्युरेटर हर्निया. तो श्रोणीच्या खोल भागात असल्याने बाहेरून गाठ दिसत नाही. तेथील नाडीसूत्र दबल्यामुळे मांडीच्या आतील बाजूस जानूपर्यंत वेदना होते आणि पाय मागे ताणला किंवा आत वळविला असता ती वाढते. अशी आजी आपल्याकडे संधिगत वात वा गृध्रसी म्हणून येते आणि जानुबस्ती करून परत जाते. मांडीतील वेदनेसोबत अधूनमधून उदरशूल व छर्दी असल्यास हा व्याधी मनात आलाच पाहिजे.

बालकांत, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत, वंक्षणातील अंतर्गळ अडकण्याची शक्यता पुष्कळ असते. त्यांचे शस्त्रकर्म लांबणीवर टाकू नये. सतत रडणाऱ्या व उलटी करणाऱ्या बाळाची लंगोट सोडून पाहिल्याविना ग्राइप वॉटर वा बाळघुटी सुचवू नये. बेंबीचा अंतर्गळ मात्र बालकांत बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. प्रौढांचे तसे नाही. स्थूल स्त्रियांतील बेंबीजवळचा आणि जुन्या शस्त्रकर्माच्या व्रणातून येणारा अंतर्गळ, तसेच जलोदराच्या रुग्णातील बेंबीचा अंतर्गळ हे तिन्ही जोखमीचे होत.

वंक्षणपरीक्षण

आपल्या परंपरेत षड्विध परीक्षेत पाच इंद्रियांनी व प्रश्नाने रुग्णपरीक्षा सांगितली आहे. आमच्या हातून त्यांपैकी दर्शन व स्पर्शन झाले नाही आणि प्रश्नाला मिळालेले उत्तर ऐकून न ऐकल्यासारखे केले गेले. संकोच हे त्याचे खरे कारण. ग्रामीण भागात वृद्ध स्त्रीस जांघ दाखविण्यास सांगणे वैद्यास जड जाते आणि रुग्णाही स्वतःहून गाठीचा उच्चार करीत नाही. कित्येकींना आपल्या जांघेत गाठ आहे हे ठाऊकही नसते.

यावर उपाय अवघड नाही. घरातील स्त्रीस सोबत उभे करावे, पडदा ओढावा, कारण सांगून अनुमती घ्यावी आणि दोन्ही बाजूंचे वंक्षण, मांडीचे मूळ, बेंबी व जुने व्रण उघडे करून पाहावेत. "आजी, उलटीचं कारण कधी कधी जांघेत असतं, म्हणून बघायचं आहे," एवढे वाक्य पुरते. त्या प्रसंगानंतर आजतागायत एकाही रुग्णेने आम्हास नकार दिलेला नाही.

गाठ आढळल्यास तिचे स्थान ठरवावे. प्यूबिक ट्यूबरकलच्या वर व आतील बाजूस असल्यास ती बहुधा वंक्षणातील होय. खाली व बाहेरील बाजूस असल्यास फीमोरल समजावी. खोकण्यास सांगून गाठीत ठोका येतो का ते पाहावे. पूर्वी येणारा ठोका आता येत नसेल तर फास बसल्याची शंका घ्यावी. जांघेतील प्रत्येक लहान कठीण गाठ ही लसग्रंथी असे गृहीत धरून लेप लावू नये. मुष्काची वृद्धी असल्यास बोटे तिच्या वरच्या टोकाशी पोहोचतात का ते तपासावे. मूत्रवृद्धीत पोहोचतात, अंत्रवृद्धीत पोहोचत नाहीत. शंका असताना सुई घालून द्रव काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये, कारण सुईच्या टोकाशी आतडे असू शकते.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही एक लक्षण आढळले तरी रुग्ण आपल्या चिकित्सेच्या कक्षेबाहेर गेला असे समजावे.

एक : पूर्वी आत जाणारी गाठ आता जात नाही आणि ती कठीण, ताणलेली व दुखरी झाली आहे.

दोन : गाठीसोबत छर्दी, मुरडा मारणारा शूल अथवा आध्मान आहे.

तीन : वायू व मल दोन्ही थांबले आहेत.

चार : गाठीवरील त्वचा आरक्त वा काळसर झाली आहे, ज्वर आहे किंवा नाडी जलद आहे.

पाच : तीव्र वेदना अकस्मात कमी झाली, परंतु रुग्ण अधिक म्लान दिसतो. हे शमन समजू नये. आतडे मृत झाल्याचे अथवा फुटल्याचे ते चिन्ह असू शकते.

तत्काळ काय करावे, काय टाळावे

अशा रुग्णास विरेचन देऊ नये. बस्ती देऊ नये. अभ्यंग, स्वेदन, उष्ण शेक वा लेप करू नये. गावातील पोट चोळणाऱ्या व्यक्तीकडे जाऊ देऊ नये. "बेंबी सरकली" असे म्हणून चोळलेल्या उदरात अडकलेले आतडे फुटू शकते. जोर लावून गाठ आत ढकलू नये. त्यात आतडे फुटण्याचा धोका आहेच, शिवाय फास तसाच ठेवून पिशवीसकट गाठ आत सरकू शकते. मग बाहेरून गाठ दिसत नाही, घरचे निर्धास्त होतात आणि आत विनाश चालू राहतो. वेळेत आलेल्या व फासाची चिन्हे नसलेल्या रुग्णात शल्यचिकित्सक हलक्या हाताने असा प्रयत्न करतात, परंतु तो निर्णय रुग्णालयातील आहे. वेदनाशामक सुई देऊन रुग्णास घरी परत पाठविणे हे तर सर्वांत वाईट.

रुग्णास मुखाने काहीही देऊ नये, पाण्याचा घोटही नको. उताणे झोपवून कमरेखाली उशी द्यावी. जवळ साधन व अभ्यास असेल तर शिरेतून सलाईन सुरू करावे, मात्र त्यासाठी प्रस्थान थांबवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू झालेल्या या सेवेच्या वाहनांत आपले अनेक बी.ए.एम.एस. बंधुभगिनी कार्यरत आहेत, त्यांना अवस्था नेमक्या शब्दांत सांगावी. शल्यचिकित्सा व भूलतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या रुग्णालयातच पाठवावे आणि आधी दूरध्वनी करावा, म्हणजे रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात फिरत बसणार नाही.

सोबत चिठ्ठी द्यावी. वेदना केव्हा सुरू झाली, शेवटचे अन्नपान केव्हा झाले, वायू व मल शेवटचे केव्हा सरले, आपण काय औषध दिले, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह व हृद्रोग आहे का, एवढे लिहावे. आपण एरंडस्नेह दिला असल्यास तेही निःसंकोच लिहावे. खर्चाच्या धास्तीने नातलग वेळ दवडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का याची विचारणा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते, हे त्यांना सांगावे. परंतु ती चौकशी तेथे पोहोचल्यावर करावी.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

अंतर्गळाचा रुग्ण पुष्कळदा वैद्याकडे येण्यापूर्वी औषधालयात जातो. एरंडेल तेल, सारक चूर्ण, वृद्धिबाधिका वटी आणि हर्नियाचा पट्टा या चार वस्तूंची मागणी काउंटरवर होते. यांपैकी कोणतीही वस्तू देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : गाठ आहे का आणि ती पडल्यावर आत जाते का? उलटी झाली आहे का? वायू सरतो का? गाठ आत जात नाही, किंवा उलटी आहे, किंवा वायू सरत नाही, असे यांपैकी एकही उत्तर आले तरी वस्तू देऊ नये, रुग्णास रुग्णालयाची वाट दाखवावी.

वृद्धिबाधिका वटी हा रसकल्प आहे. त्यातील पारद, हरताळ व तुत्थ ही द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये येतात. तो वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये. पट्ट्याविषयीही समज दिली पाहिजे. पट्टा अंतर्गळ बरा करीत नाही. वंक्षणातील गाठ पडून पूर्ण आत गेल्यावरच तो बांधावयाचा असतो. बाहेर आलेल्या गाठीवर बांधलेला पट्टा आतड्यालाच दाबतो. फीमोरल हर्नियात तो वापरूच नये.

आमच्याच गल्लीतील एका औषधविक्रेत्याने हे करून दाखविले आहे. बाजार समितीतील एक हमाल दुपारी त्यांच्याकडे एरंडेल तेलाची बाटली मागण्यास आला. जांघेतील जुनी गाठ सकाळी पोते उचलताना उतरली होती आणि जात नव्हती. एकदा उलटीही झाली होती. दुकानदारांनी बाटली परत फळीवर ठेवली, त्यास बाकावर बसविले आणि आम्हास हाक मारली. "डॉक्टर, हा आपला गिऱ्हाईक नाही, हा दवाखान्याचा आहे. बघा एकदा," असे ते म्हणाले. दुपारी चारपर्यंत तो हमाल शस्त्रकर्मगृहात पोहोचला. आतडे जांभळे झाले होते, परंतु फास सोडविल्यावर त्याचा वर्ण परत आला. काहीही कापावे लागले नाही. त्या बाटलीची विक्री झाली असती तर काय घडले असते, हे आम्ही पूर्वी एकदा पाहिले होते.

आपले कार्यक्षेत्र

यावरून अंतर्गळात आयुर्वेदास काही स्थान नाही असे कोणी समजू नये. फास नसलेल्या रुग्णात मलावष्टंभ, जुनाट कास, मूत्रकृच्छ्र व स्थौल्य यांची चिकित्सा करणे, आहारविहार सांगणे, शस्त्रकर्मापूर्वी बल राखणे आणि नंतर अग्निदीपन व वातानुलोमन करून पुनरुद्भवाची कारणे दूर ठेवणे ही आपली कामे आहेत. जांघेतील गाठ नसलेल्या आणि मार्ग मोकळा असलेल्या साध्या विबंधात एरंडस्नेह आजही आमच्या चिकित्सालयात वापरला जातो. मात्र मुखावाटे दिलेल्या औषधाने भिंतीतील छिद्र बुजते असे आश्वासन कोणत्याही रुग्णास देऊ नये.

योग्य वेळी सांगितलेले शस्त्रकर्म आणि फास बसल्यावर करावे लागणारे शस्त्रकर्म यांतील अंतर मोठे आहे. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदवहीतील एक लाखाहून अधिक शस्त्रकर्मांच्या आधारे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तातडीच्या शस्त्रकर्मानंतर महिनाभरातील मृत्यूचे प्रमाण एरवी अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या सुमारे सातपट आणि आतडे कापावे लागल्यास सुमारे वीसपट आढळले. म्हणून अंतर्गळाचा रुग्ण वेदनारहित असतानाच त्यास शल्यचिकित्सकांचा सल्ला घेण्यास पाठविणे, हे आपल्या चिकित्सेचेच अंग मानावे.

रुग्ण दुसऱ्याकडे पाठविण्यात कमीपणा आहे, अशी एक भावना आपल्यात आढळते. चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत पक्वावस्था आली की तेथे धन्वंतरी संप्रदायाचा अधिकार आहे असे सांगून विषय त्यांच्या हाती दिला. कायचिकित्सेच्या श्रेष्ठ आचार्यास ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपणास वाटण्याचे कारण नाही.

त्या आजींच्या चिरंजीवांनी आम्हास कधी दोष दिला नाही. आजही ते नातवंडांस घेऊन आमच्याकडेच येतात. त्यांना पाहिले की चिकित्सालयातील तपासणीच्या पलंगाभोवतीचा पडदा आमच्या ध्यानी येतो. तो पडदा त्या पावसाळ्यानंतर बसविला. आपल्या चिकित्सालयात तसा पडदा नसेल तर तो प्रथम बसवावा आणि छर्दी व शूल घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची जांघ त्याआड पाहावी, एवढीच विनंती.

अलमतिविस्तरेण.